आठवणीतले गाव कोणाचे?

आपल्या वार्षिकांकात दर वर्षी ‘माझे गाव’ या धाटणीचा एखादा तरी लेख असतो. त्यात वडाचा पार असतो, देवळाची घंटा असते, आजीची गोधडी असते, आणि शेवटी ‘ते गाव आता राहिले नाही’ असा निःश्वास असतो. गेल्या वर्षीचा तो लेख माझाच होता. यंदा अमेरिकन साहित्य वाचताना तिकडच्या मिडवेस्टमधील, म्हणजे मध्यपश्चिम भागातील, छोट्या गावांच्या आठवणी वाचनात आल्या. सातासमुद्रापलीकडेही निःश्वास तोच! म्हणून त्या गावांविषयी आणि त्यांच्या आठवणींविषयी माझे मत येथे मांडतो आहे.

ओहायो, इंडियाना, इलिनॉय, आयोवा, मिनेसोटा, मिझुरी, कॅन्सस अशा एकंदर बारा राज्यांचा हा प्रदेश. नजर पोहोचेल तिथवर मका आणि सोयाबीन. रेल्वेमार्गाच्या कडेला धान्याची उंचच उंच कोठारे. गावात एकच मोठा रस्ता, त्याचे नाव बहुधा मेन स्ट्रीट. त्यावर बँक, न्हाव्याचे दुकान, हार्डवेअरचे दुकान, चर्च. गावाचे नाव रंगवलेली पाण्याची टाकी. घरापुढे ओसरी, ओसरीवर झोपाळा, उन्हाळ्यातल्या संध्याकाळी काजवे. हे वाचून कोणाला आपले गाव आठवणार नाही?

परंतु हे चित्र काढणारी माणसे बहुतेक गाव सोडून गेलेली आहेत, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. वॉल्ट डिस्ने १९०६ साली चार वर्षांचा असताना मिझुरीतल्या मार्सलीन गावी आला आणि जेमतेम पाच वर्षे तेथे राहिला. वडील आजारी पडले, शेत विकावे लागले, आणि कॅन्सस सिटीत पोरगा पहाटे घरोघर वर्तमानपत्रे टाकू लागला. पुढे १९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले, तेव्हा त्याच्या दारातच त्याने एक मेन स्ट्रीट उभारला. त्या रस्त्याच्या कल्पनेत मार्सलीनचा मोठा वाटा होता. तेथील इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे बांधले आहेत, म्हणजे खालून पाहणाऱ्याला त्या असतात त्यापेक्षा उंच दिसाव्यात. आपली आठवणही असेच बांधकाम करीत असते. शेत विकल्याचा दिवस मात्र त्या रस्त्यावर कोठे दिसत नाही.

याच्या उलट टोकाला सिंक्लेअर लुइस. मिनेसोटातल्या सॉक सेंटरचा हा मुलगा. १९२० साली त्याने ‘मेन स्ट्रीट’ ही कादंबरी लिहिली आणि छोट्या गावाचा संकुचितपणा, चहाडखोरपणा, नव्या विचारांची भीती सारे वेशीवर टांगले. गावकरी रागावले. पण १९३० साली लुइस साहित्याचे नोबेल मिळवणारा पहिला अमेरिकन ठरला. गावाचाही राग कालांतराने निवळला, आणि गावाने आपल्या एका रस्त्याला त्याचेच नाव दिले. १९५१ साली तो रोममध्ये वारला. त्याची रक्षा मात्र सॉक सेंटरच्या मातीत आहे. गावाला नावे ठेवणाऱ्यालाही गाव सुटत नाही ते असे.

तेव्हा आठवणी खोट्या असतात असे माझे म्हणणे नाही. १९५४ साली इंडियानातल्या मिलान या चिमुकल्या गावाच्या शाळेने राज्याचे बास्केटबॉलचे अजिंक्यपद मिळवले. शाळेत विद्यार्थी अवघे १६१! अखेरच्या क्षणी चेंडू जाळ्यातून गेला आणि सामना ३२-३० असा जिंकला. अशा गावात शाळेचे क्रीडागृह म्हणजे केवळ खेळण्याची जागा नसते. हिवाळ्यात सारे गाव जमते ते तेथे. पुढे यंत्रे मोठी झाली, शेते मोठी झाली आणि शेतकरी कमी झाले. १९८० नंतरच्या दशकात चढ्या व्याजाच्या कर्जांनी आणि जमिनीच्या कोसळलेल्या भावांनी कित्येक कुटुंबांच्या जमिनी लिलावात गेल्या. मुले कमी झाली, तशा दोन-तीन गावांच्या शाळा मिळून एक झाल्या. ज्या गावाची शाळा गेली, त्या गावच्या म्हाताऱ्याने ओले डोळे करून जुने सामने सांगितले, तर त्याला भाबडा म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मला खटकते ते निराळेच. त्या अंतिम सामन्यात जी शाळा हरली ती मन्सी या मोठ्या गावची. हे मन्सी समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या नावाने माहीत असेल. १९२४ साली रॉबर्ट आणि हेलन लिंड हे दांपत्य तेथे जाऊन राहिले आणि १९२९ मध्ये ‘मिडलटाउन’ हा त्यांचा ग्रंथ निघाला. अमेरिकेतले सर्वसामान्य गाव कसे जगते, याचा तो नमुना मानला गेला. पण या ग्रंथातून मन्सीची कृष्णवर्णीय वस्ती जवळजवळ वगळलेली होती. लोकसंख्येत शेकडा पाच-सहा असलेली ही माणसे त्याच गावात राबत होती. पण गाव ‘सर्वसामान्य’ ठरवताना ती हिशेबात धरली गेली नाहीत.

हा प्रकार एकट्या मन्सीचा नाही. लॉरा इंगल्स वाइल्डरने आपल्या बालपणीच्या कॅन्ससमधील दिवसांवर १९३५ साली लिहिलेले पुस्तक मुले आजही आवडीने वाचतात. तिच्या वडिलांनी ज्या जागेवर घर बांधले, ती जमीन ओसेज या आदिवासींची होती. ओसेज लोकांची माणसांत गणना नाही, असा अर्थ निघेल असे एक वाक्य त्या पुस्तकात होते. १९५३ साली त्यातला एक शब्द बदलून ते दुरुस्त करण्यात आले. अठरा वर्षे ते कोणाच्या ध्यानात येऊ नये? इलिनॉयमध्येच लहानाचे मोठे झालेले जेम्स लोवेन यांनी २००५ साली एक ग्रंथ लिहून दाखवून दिले की, मिडवेस्टमधील कितीतरी गावांत कृष्णवर्णीयांना सूर्यास्तानंतर थांबण्यास बंदी होती. काही गावांच्या वेशीवर तशा पाट्याच असत. ज्या संध्याकाळी ओसरीवर झोपाळे झुलत होते, त्याच संध्याकाळी कोणी जीव मुठीत धरून वेस ओलांडत होते.

कोणी म्हणेल, आठवण म्हणजे इतिहास नव्हे. तिच्याकडे हिशेब मागू नये. मनात ठेवलेल्या आठवणीला हे लागू असेल. पण ती छापली की साक्ष होते, आणि साक्षीत कोण गाळले हे विचारलेच पाहिजे.

हे मला पुस्तकांनी शिकवले असे मी म्हणालो, तर ते अर्धे खरे होईल. गेल्या वर्षीचा माझा लेख मी सुट्टीत घरी वाचून दाखवला. आईला अक्षरओळख नाही. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, “समदं ब्येस लिवलंयस. पर हिरीवनं पाणी कोण आणत हुतं, त्ये न्हाई लिवलंस.” माझ्या लेखात पार होता, गप्पा मारणारे पुरुष होते, सांजवेळ होती. तीन हंडे घेऊन त्याच पारासमोरून खाली मान घालून जाणारी माझी आई नव्हती. मी तिला रोज पाहत होतो. तरी लिहिताना ती आठवली नाही, कारण असल्या लेखांत ती बसत नाही, असे मी आधीच्या लेखांवरून शिकलो होतो.

मन्सीची चूक पुढे दुरुस्त झाली. अग्निशामक दलात नोकरी केलेले आणि नंतर इंडियानाच्या विधिमंडळात गेलेले हर्ली गुडॉल हे कृष्णवर्णीय गृहस्थ वर्षानुवर्षे आपल्या वस्तीची छायाचित्रे आणि कागदपत्रे जमवीत होते. २००३ मध्ये तेथील बॉल स्टेट विद्यापीठाचे विद्यार्थी वस्तीतल्या जाणत्या माणसांना भेटले, त्यांच्याशी बोलले, लिहिलेले त्यांना दाखवले, आणि २००४ साली ‘मिडलटाउनची दुसरी बाजू’ अशा अर्थाच्या नावाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पंचाहत्तर वर्षांनी का होईना, गाळलेली पाने जोडली गेली, आणि ती जोडण्यात आपल्यासारख्याच विद्यार्थ्यांचा हात होता.

म्हणून संपादक मंडळाला आणि मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे. ‘माझे गाव’ जरूर लिहा, पार आणि घंटाही राहू द्या. मात्र लेख अंकासाठी देण्यापूर्वी तो गावातल्या अशा एका माणसाला वाचून दाखवा, ज्याला त्या पारावर कधी बसता आले नाही. तो जे विचारील, त्याचे उत्तर लेखात आले पाहिजे. माझा लेख मी आता पुन्हा लिहायला घेतला आहे. अजून पुरा झालेला नाही.