हिरव्या चहाचे नाव आणि हिरव्या चहाचे प्रमाण

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ३१ ऑक्टोबर २००६ रोजी एका मलमाला मान्यता दिली. जननेंद्रियांच्या परिसरातील विषाणुजन्य चामखिळींवर लावायचे हे मलम. त्यातील कार्यकारी द्रव्य होते हिरव्या चहाच्या पानांचा शुद्ध केलेला अर्क. वनस्पतिजन्य औषधांसाठी त्या प्रशासनाने २००४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली होती. त्यांनुसार मान्य झालेले हे पहिलेच औषध. अर्काचे प्रमाण १५ टक्के, दिवसातून तीन वेळा लावायचे, अवधी जास्तीत जास्त १६ आठवडे. लावलेल्या जागी लाली, आग आणि खाज येऊ शकते, हेही माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेले.

आता भारतीय बाजारातील एखाद्या दुकानाच्या फळीकडे पाहावे. फेसवॉश, टोनर, सीरम, शाम्पू, केसांचे तेल, अशा अनेक बाटल्यांवर हिरव्या पानाचे चित्र आणि ‘ग्रीन टी’ ही अक्षरे ठळकपणे विराजमान असतात. त्या पानाचा अर्क बाटलीत किती आहे, हे मात्र बहुधा कोठेही लिहिलेले नसते. हिरवा चहा त्वचेला उपयोगी आहे की नाही, यावर समाजमाध्यमांत चर्चा पुष्कळ होते. पण प्रमाण ठाऊक नसताना या प्रश्नाला उत्तरच नसते. वनस्पतीचे नाव दर्शनी भागावर मिरवणाऱ्या प्रत्येक सौंदर्यप्रसाधनावर तिच्या अर्काचे प्रमाण छापणे भारतात बंधनकारक व्हायला हवे.

या मागणीमागील विज्ञान पानापासूनच सुरू होते. हिरवा चहा आणि काळा चहा एकाच वनस्पतीपासून, कॅमेलिया सायनेन्सिसपासून तयार होतात. पान चुरगाळले की त्यातील पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकर कॅटेचिन नावाच्या संयुगांच्या संपर्कात येते, ऑक्सिडीकरण सुरू होते आणि पान काळपट होत जाते. हिरव्या चहात तोडलेल्या पानांना लगेच वाफ देतात किंवा कढईत परततात. उष्णतेने विकर निष्प्रभ होते आणि कॅटेचिने बऱ्याच अंशी टिकून राहतात. त्यांपैकी सर्वांत विपुल आणि सर्वाधिक अभ्यासलेले संयुग म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट, संक्षेपाने ईजीसीजी. परीक्षानळीत ते मुक्तमूलकांना निष्प्रभ करते, दाह निर्माण करणाऱ्या संदेशांना आवर घालते आणि काही जिवाणूंची वाढ रोखते. हे निष्कर्ष खरे आहेत. परंतु परीक्षानळी म्हणजे त्वचा नव्हे.

त्वचेचे मुख्य काम बाहेरच्या पदार्थांना आत येऊ न देणे हेच आहे. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशी आणि त्यांमधील स्निग्ध द्रव्ये यांचा बनलेला असतो. सुमारे ५०० डाल्टनपेक्षा जड रेणू हा थर सहसा ओलांडत नाहीत, असा ढोबळ नियम २००० सालापासून त्वचाविज्ञानात रूढ आहे. ईजीसीजीचे रेणुभार ४५८ डाल्टन, म्हणजे उंबरठ्याच्या जेमतेम आत. त्यातच या रेणूवर हायड्रॉक्सिल गटांची गर्दी असते. तो पाण्यात रमतो, स्निग्ध थरात सहज शिरत नाही. दुसरी अडचण टिकाऊपणाची. आम्लधर्मी द्रावणात ईजीसीजी बऱ्यापैकी टिकते. उदासीन किंवा अल्कधर्मी द्रावणात हवेतील ऑक्सिजनने त्याचे विघटन होऊन रंग तपकिरी होतो. म्हणजे अर्क किती घातला, कोणत्या माध्यमात घातला आणि बाटली उघडेपर्यंत त्यातला किती उरला, या तीन गोष्टींवर परिणाम ठरतो. बाटलीवरचे चित्र यांपैकी एकही गोष्ट सांगत नाही.

मानवी चाचण्यांकडे वळल्यास चित्र संमिश्र दिसते. तारुण्यपिटिकांबाबत काही आशादायक पुरावा आहे. दक्षिण कोरियातील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ३५ जणांच्या चेहऱ्याच्या एका बाजूस १ किंवा ५ टक्के ईजीसीजीचे द्रावण आणि दुसऱ्या बाजूस ईजीसीजीविरहित द्रावण लावले. आठ आठवड्यांनंतर ईजीसीजीच्या बाजूस पिटिका लक्षणीय प्रमाणात कमी झाल्या होत्या. हा निष्कर्ष उत्साहवर्धक आहे, पण तो ३५ जणांचा आहे आणि प्रमाण मोजून घेतलेल्या द्रावणाचा आहे. ज्या फेसवॉशवर प्रमाणच नाही आणि जो मिनिटभरात धुऊन टाकला जातो, त्याला तो लागू करणे तर्काला धरून नाही.

सुरकुत्या आणि उन्हाने जीर्ण झालेली त्वचा यांबाबतचा पुरावा अधिक सावध करणारा आहे. अमेरिकेतील एका चाचणीत ४० स्त्रियांपैकी काहींना १० टक्के हिरव्या चहाचे मलम आणि सोबत पोटात घ्यायचा अर्क दिला, तर इतरांना अर्कविरहित मलम व गोळ्या. कोणाला काय मिळाले हे ना त्या स्त्रियांना ठाऊक होते, ना तपासणाऱ्यांना. आठ आठवड्यांनंतर डोळ्यांना दिसेल असा लक्षणीय फरक दोन गटांत आढळला नाही. त्वचेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर लवचीक तंतूंत काही सुधारणा दिसली, एवढेच. हे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्क दोन वर्षे पोटात देऊन केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही अखेरीस अर्क घेणाऱ्या व न घेणाऱ्या स्त्रियांच्या त्वचेत लक्षणीय फरक उरला नाही. अशा निष्कर्षांना जाहिरातीत जागा मिळत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र त्यांना होकारार्थी निष्कर्षांइतकेच महत्त्व द्यायला हवे.

उन्हापासून संरक्षण हा आणखी एक लोकप्रिय दावा. अतिनील किरण पडण्यापूर्वी त्वचेवर हिरव्या चहाचा अर्क लावल्यास लाली कमी होते, असे मोजक्या स्वयंसेवकांवरील प्रयोगात दिसले आहे. याचा अर्थ हिरवा चहा सनस्क्रीनचे काम करतो असा होत नाही. कॅटेचिने प्रकाश शोषतात ती मुख्यतः २७० ते २८० नॅनोमीटरच्या आसपास. या तरंगलांबीचे किरण वातावरणातील ओझोन वरच्यावरच अडवतो. जमिनीवर पोहोचणारे आणि त्वचा भाजणारे किरण त्यापुढचे, साधारण २९० नॅनोमीटरपासूनचे असतात. त्यामुळे सनस्क्रीन टाळून चहाचा फवारा मारणारी व्यक्ती प्रत्यक्षात उघड्या त्वचेनेच उन्हात उभी असते.

केसांच्या बाबतीत दावा आणि पुरावा यांतील अंतर सर्वाधिक आहे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी केशमुळांची वाढ ईजीसीजीने सुधारते, असे कोरियातील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले. पुरुषी टक्कलाशी संबंधित असलेल्या ५-अल्फा रिडक्टेज या विकराच्या एका प्रकाराला ईजीसीजी रोखते, हेही परीक्षानळीत दिसले आहे. मात्र हिरव्या चहाच्या शाम्पूने डोक्यावर नवे केस उगवतात, हे सिद्ध करणारी मोठी आणि काटेकोर मानवी चाचणी उपलब्ध नाही. भारतीय औषध नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात, ज्या विकारांवर इलाज असल्याचा दावा औषधालाही करता येत नाही, त्या यादीत टक्कल आहे. औषधाला जे बोलण्याची मुभा नाही, ते शाम्पूने आडवळणाने सुचवावे, हा विरोधाभास आहे. यात पैसा जातोच, पण त्याहून मोलाचा वेळ जातो. केस गळण्यामागे थायरॉइडचा विकार, लोहाची कमतरता किंवा आनुवंशिक कारण असू शकते, आणि बाटल्या बदलण्यात गेलेल्या महिन्यांत त्याचे निदान लांबत राहते.

मग घरीच चहा उकळून लावला तर? त्यातही प्रमाणाचा प्रश्न सुटत नाही. नेहमीच्या पद्धतीने केलेल्या १०० मिलिलिटर हिरव्या चहात ईजीसीजी ढोबळमानाने ५० ते १०० मिलिग्रॅम असते, म्हणजे ०.१ टक्का किंवा त्याहूनही कमी. पिटिकांच्या चाचणीतील सौम्य द्रावणसुद्धा याच्या किमान दहापट तीव्र होते. त्यात खाण्याचा सोडा मिसळण्याचा सल्ला तर रसायनशास्त्राच्या विरोधातच जातो, कारण अल्कधर्मी द्रावणात कॅटेचिने झपाट्याने नष्ट होतात. उकळलेला चहा बाटलीत भरून दिवसचे दिवस वापरल्यास त्यात जिवाणू व बुरशी वाढतात, ते वेगळेच. ताज्या, गार चहाने चेहरा धुण्यात बहुतेकांना अपाय नाही. त्याला उपचार समजणे मात्र चूक आहे.

आता कायद्याकडे. भारतात सौंदर्यप्रसाधनांवर १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांचे नियंत्रण आहे. वापरणाऱ्याची दिशाभूल करणारा दावा करण्यास नियमांत मनाई आहे. घटकसूचीही बंधनकारक आहे. १ टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने देता येतात. या तरतुदीतून चौकस वाचकाला एक युक्ती सापडते. फेनॉक्सिइथेनॉल हे परिरक्षक अनेक प्रसाधनांत असते आणि त्याची कमाल मर्यादा १ टक्का आहे. त्यामुळे सूचीत त्याच्यानंतर येणारा प्रत्येक घटक १ टक्का किंवा त्याहून कमी असणार. ‘कॅमेलिया सायनेन्सिस लीफ एक्स्ट्रॅक्ट’ हे नाव त्याच्या खाली असेल, तर दर्शनी पानाच्या चित्राचे खरे वजन किती, ते कळते.

परंतु ग्राहकाने अशी कोडी सोडवत बसावे का? खाद्यपदार्थांच्या बाबतीत भारताने हा प्रश्न आधीच सोडवला आहे. मिश्र खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर एखाद्या घटकावर शब्दांनी किंवा चित्राने भर दिला असेल, तर त्याचे टक्केवारीतील प्रमाण देणे अन्नसुरक्षा नियमांनुसार आवश्यक असते. बिस्किटावर बदामाचे चित्र असेल तर बदाम किती टक्के, हे छापावे लागते. चेहऱ्यावर लावायच्या वस्तूला हाच न्याय न लावण्याचे सबळ कारण दिसत नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला, प्रमाण उघड केल्यास उत्पादनाचे गुपित फुटेल. पण मागणी संपूर्ण कृतीची नाही. ज्या घटकाच्या नावावर वस्तू विकली जाते, तेवढ्याच एका घटकाची आहे. ज्याला प्रमाण सांगायचे नसेल, त्याने पानाचे चित्र छापू नये. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : ‘५ टक्के अर्क’ म्हटल्यानेही फारसे कळत नाही, कारण अर्क पातळ असू शकतो आणि त्यात कॅटेचिने नाममात्र असू शकतात. हे खरे आहे. म्हणूनच अर्काबरोबर त्यातील कॅटेचिनांचे किंवा ईजीसीजीचे प्रमाणही छापले पाहिजे. ते मोजण्याची क्रोमॅटोग्राफीची पद्धत जुनी आणि सर्वपरिचित आहे.

या पारदर्शकतेचा लाभ केवळ ग्राहकाला होईल असे नाही. हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्याचा हिरवा चहा एकेकाळी अमृतसरच्या बाजारातून काश्मीर आणि अफगाणिस्तानपर्यंत जात असे. या चहाला २००५ मध्ये भारतात आणि २०२३ मध्ये युरोपीय संघात भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच खोऱ्यातील पालमपूर येथील हिमालयीन जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने चहाच्या पानांतून कॅटेचिन वेगळे करण्याच्या तंत्रावर काम केले आहे. आसामात तर कॅटेचिनांनी समृद्ध अशी चहाची स्थानिक जातच आहे. प्रमाण छापण्याची सक्ती झाली, तर चिमूटभर अर्काने काम भागणार नाही; दर्जेदार, प्रमाणित अर्काची मागणी वाढेल आणि तिचा काही वाटा मळ्यांपर्यंत पोहोचू शकेल. आज चिमूटभर अर्क घालणारा आणि प्रामाणिकपणे पुरेसा अर्क घालणारा, दोघांच्याही बाटलीवर एकच चित्र असते. ही स्थिती प्रामाणिक उत्पादकावर अन्याय करणारी आहे.

नियम बदलेपर्यंत विद्यार्थ्यांना एक साधा प्रयोग करता येईल. गार केलेला हिरवा चहा तीन पेल्यांत ओतावा. एका पेल्यात लिंबाचे थेंब टाकावेत, दुसऱ्यात चिमूटभर खाण्याचा सोडा, आणि तिसरा तसाच ठेवावा. काही वेळाने सोड्याचा पेला गडद होत गेलेला दिसेल, तर लिंबाचा फिकाच राहील. कॅटेचिनांचे विघटन डोळ्यांसमोर घडत असते. त्यानंतर घरातील ‘ग्रीन टी’ लिहिलेली एखादी बाटली उलटी करून घटकसूची वाचावी. पानाचे नाव कितव्या ओळीत आहे, फेनॉक्सिइथेनॉलच्या वर की खाली, आणि त्यापुढे आकडा आहे का, हे पाहावे. आकडा नसेल, तर तो विचारण्याचा हक्क ती बाटली विकत घेणाऱ्या प्रत्येकाला आहे.