ठासणी कुणाच्या हातात?

भातं कापून खळ्यावर आली, दिवाळी सरली, आणि पाड्यापाड्यावर मुकादम फिरायला लागले. कुणाच्या हातावर पाचशे, कुणाच्या हातावर हजार ठेवायचे, आणि होळीपर्यंत खाणीवर यायचं कबूल करून घ्यायचं, ही दरवर्षीची रीत. पाऊस संपला की आपल्या माणसांना रोजी मिळायच्या जागा तीनच: वीटभट्टी, रेती आणि दगडखाण. त्यातल्या दगडखाणीबद्दल आज लिहायचं आहे. खाणीतल्या एका साध्या काठीबद्दल लिहायचं आहे. त्या काठीचं नाव ठासणी.

जुन्या माणसांना ठासणीची बंदूक ठाऊक आहे. नळीत दारू ओतायची, वरून चिंधी-छरे घालायचे आणि गजानं ठासायचं. खाणीतलं काम त्याच जातीचं, फक्त बंदुकीच्या नळीऐवजी दगडातलं भोक. जॅकहॅमरनं काळ्या दगडात चार-पाच फूट खोल भोक पाडतात. त्यात जिलेटिनचे तोटे सोडतात. एका तोट्यात केप बसवलेली असते, तिला वात नाहीतर विजेच्या तारा जोडलेल्या असतात. मग वरून माती भरून तोंड ठासून बंद करतात आणि लांब जाऊन बार उडवतात. तोंड नीट बंद झालं तर दारूचा जोर दगडाच्या पोटात शिरतो आणि दगड फुटतो. तोंड कच्चं राहिलं तर जोर वरच्या वर सुटतो आणि दगड गोळीसारखे पाड्यावर येतात.

तोटे आत सरकवायचे आणि माती ठासायची ती ह्या काठीनं. ठासणी लाकडाचीच पाहिजे. सरळ, गुळगुळीत, भोकापेक्षा लांब, टोकाला लोखंडाची टोपी नसलेली. लोखंड दगडाला घासलं की ठिणगी उडते, आणि ठिणगी दारूला भेटली की मग विचारायला कुणी उरत नाही. आपल्या पट्ट्यातल्या खाणींवर काय चालतं ते आपल्या पोरांना विचारा. जी पहार दगड उलथायला, तीच पहार भोकात. वेगळी ठासणी कुणी करून देत नाही. रानातल्या एका सरळ काठीचा खर्च तो काय? तेवढाही होत नाही.

ठासणी हे एकच हत्यार नाही. भोकातला चुरा काढायला लाकडाची किंवा तांब्याची पळी लागते. तोट्याला केपेसाठी भोक पाडायला लाकडाचा किंवा पितळेचा टोचा लागतो. वातीवर केप दाबून बसवायला वेगळा चिमटा मिळतो. आपली पोरं ती केप दातानं दाबतात. केपेत एवढीशी दारू असते, पण बोटं नेण्याइतकी, जबडा फोडण्याइतकी असते. तोटे एका पेटीत आणि केपा दुसऱ्या पेटीत न्यायच्या असतात. आपल्याकडे तोटे पाटीत आणि केपा सदऱ्याच्या खिशात, त्याच खिशात बिडी-काडी.

मोठ्या कंपन्यांच्या खाणीत ह्याच कामाला यंत्रं आली आहेत. अमोनियम नायट्रेटचे दाणे आणि डिझेल ह्यांच्या मिश्रणाची दारू करतात आणि हवेच्या दाबानं नळीतून भोकात सोडतात. कोरडे दाणे नळीतून घासत जाताना नळीत वीज साठते, म्हणून ती वीज जमिनीत उतरवणारी खास नळी वापरतात. एवढी काळजी तिथं घेतली जाते, कारण तिथं यंत्र महाग आहे. आपल्या खाणीत यंत्र नाही, माणूस आहे, आणि माणूस स्वस्त आहे. फरक एवढाच.

लोखंडाचा हा धोका काही आज कळलेला नाही. १८४८ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेत व्हरमाँट नावाच्या राज्यात रेल्वेचा रस्ता करायला खडक फोडत होते. फिनियस गेज नावाचा तिथला मुकादम लोखंडी दांड्यानं भोक ठासत होता. दांडा दगडाला घासून ठिणगी पडली, बार उडाला, आणि साडेतीन फुटांहून लांब, सहा किलो वजनाचा तो दांडा त्याच्या गालातून शिरून कवटी फोडून बाहेर गेला. माणूस जगला, म्हणून डॉक्टर लोकांनी त्याच्यावर पुस्तकं लिहिली. त्याची कवटी आणि तो दांडा अजून तिथल्या संग्रहालयात ठेवला आहे. त्याला दीडशेहून जास्त वर्षं झाली. एवढ्या वर्षांपूर्वी जगाला जे कळलं, ते आपल्या खाणमालकाला कळत नाही असं कोण मानेल? त्याला कळतं. न कळल्याचं सोंग परवडतं म्हणून तो घेतो.

ते सोंग त्याला का परवडतं, हे समजून घेतलं पाहिजे. दारू भरायचं आणि बार उडवायचं काम कुणीही करायचं नाही, असा कायदा आहे. त्यासाठी परीक्षा देऊन दाखला घेतलेला ब्लास्टर लागतो. आपल्याकडच्या खाणींच्या कागदावर असा ब्लास्टर असतो. त्याचं नाव असतं, सही असते, दाखल्याची नक्कल असते. भोकाशी मात्र आपला पोरगा असतो. ब्लास्टर आठवड्यातून एकदा येतो आणि वहीवर सह्या करून जातो. बार चांगला उडाला तर तो ब्लास्टरनं उडवला. हात तुटला तर म्हणतात, “हा आमचा माणूसच नाही, सांगितलं नसताना भोकाशी गेला, दारू प्यायला होता.” हजेरीपटावर त्याचं नाव नसतं. कालपर्यंत सगळं काम करणारा माणूस एका दिवसात परका होतो.

आपल्या पाड्यांवर एक डोळा गेलेली, बोटं गेलेली, एका कानानं बहिरी झालेली माणसं आहेत. त्यांना मिळालं काय? दवाखान्याचं भाडं, एक पोतं तांदूळ आणि उचल माफ.

आता कायदा काय म्हणतो ते नीट ऐका, आणि ज्याला वाचता येतं त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवा.

मालक सांगतो, “ही साधी दगडखाण आहे, खाण कायदा मोठ्या खाणींना.” हे खोटं आहे. खाणींचा कायदा लहान दगडखाणींना बऱ्याच कलमांतून सूट देतो हे खरं. पण उघड्या खाणीला ती सूट तीन अटींवर मिळते. खोली कुठंही ६ मीटरपेक्षा जास्त नको, एका दिवशी ५० पेक्षा जास्त माणसं नकोत, आणि स्फोटकं वापरायची नाहीत. तिन्ही अटी एकदम पाळल्या पाहिजेत. म्हणजे ज्या दिवशी भोकात पहिला तोटा गेला त्या दिवशी सूट संपली. मग १८ वर्षांखालचं पोर खाणीत चालत नाही. अपघाताची खबर सरकारला द्यावीच लागते. धनबादला ज्याचं मुख्य कार्यालय आहे त्या खाण सुरक्षा महासंचालनालयाची तपासणी लागू होते. बार भरताना लोखंडी हत्यार चालत नाही. बार उडवण्याआधी चहूबाजूंनी ठरलेल्या अंतरापर्यंत इशारा द्यावा लागतो. आपल्या किती पाड्यांची घरं, शाळा आणि विहिरी ह्या अंतराच्या आत आहेत ते पावलांनी मोजून बघा.

भरपाईचं म्हणाल तर कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा आहे. ठेकेदारानं आणलेला माणूस असला तरी मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत. कामावर मरण आलं तर “दारू प्यायला होता”, “नियम मोडला” ही सबब कायद्यात चालत नाही. दावा मात्र २ वर्षांच्या आत लावावा लागतो. मालक गोड बोलून दिवस काढतो तो ह्यासाठीच. आज देतो, उद्या देतो म्हणत दोन वर्षं गेली की तो सुटला.

आणि ती उचल? १९४५ साली वारल्यांनी वेठ मोडली, लग्नगडी सोडवले, हे आपण पोरांना सांगतो. उचल फिटेपर्यंत खाण सोडायची नाही, दुसरीकडं कामाला जायचं नाही, हीसुद्धा वेठच आहे, नुसतं नाव बदललंय. १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद झाली आणि वेठीचं कर्ज बुडालं. हरयाणात फरीदाबादच्या दगडखाणींतल्या मजुरांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला तेव्हा कोर्टानं सांगितलं की मजूर सक्तीनं राबतोय असं दिसलं तर तो कर्जापायी बांधला गेलाय असं धरूनच चालावं, उलटं सिद्ध करायचं ते मालकानं. तेव्हा उचल घेतली म्हणून पहारीनं बार ठासलाच पाहिजे असं कुणाचं बंधन आपल्यावर नाही.

इथं आपल्यातच दोन मतं आहेत, आणि बैठकीत ती उघड बोलली गेली हे बरं झालं. काही जण म्हणतात, “खाणीच बंद करा. डोंगर गेला, झरे आटले, भिंतींना तडे गेले.” खाणीवर जाणाऱ्या बाया म्हणतात, “बंद केली तर होळीपर्यंत चूल कशी पेटवायची? तुम्ही द्याल का रोज?” दोन्ही बोलणी खरी आहेत. ज्याच्या घरात दाणा नाही त्याला डोंगराचं महत्त्व शिकवायला आम्ही जाणार नाही. पण रोजी पाहिजे म्हणून हात देऊन यायचा, हेही आम्ही मान्य करणार नाही. आमचं म्हणणं असं की खाण चालायची का नाही हे मालक आणि तहसीलदार ह्या दोघांनी ठरवायचं नाही, गावानं ठरवायचं. आणि ते ठरेपर्यंत जो कामाला जाईल त्यानं रीतसर कामच करायचं, जिवावरचं नाही.

गावानं ठरवायचं हे नुसतं बोलणं राहिलेलं नाही. डिसेंबर १९९६ मध्ये अनुसूचित क्षेत्रासाठी पंचायतीचा वेगळा कायदा झाला. त्यात दगड, मुरूम अशा गौण खनिजाच्या खाणपट्ट्याला ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस आधी घेणं सक्तीचं केलं आहे. ‘किंवा’ हा शब्द लक्षात ठेवा. सरपंचाला गाठून शिफारस उचलायची वाट त्या ‘किंवा’तून जाते. म्हणून ग्रामसभेचा ठराव आधी झाला पाहिजे. त्याच कायद्यात पाडा किंवा पाड्यांचा समूह हेसुद्धा गाव धरता येतं असं लिहिलं आहे. तेव्हा दहा पाड्यांची ग्रामसभा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर वीस माणसांत उरकायची, ही रीत मोडायला जागा आहे.

आणि जमीन कुणाची ते बघा. कितीतरी खाणी आदिवासीच्या सातबाऱ्यावर आहेत. पाच वर्षांच्या बोलीनं, कोऱ्या कागदावरच्या अंगठ्यानं घेतलेल्या. जमीन महसूल कायद्याच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायलाच नाही, भाड्यानं द्यायलासुद्धा कलेक्टरची आधी परवानगी लागते. जी खाण जंगलजमिनीवर आहे तिला १९८० च्या वनसंवर्धन कायद्यानं दिल्लीची परवानगी लागते. आपल्या प्लॉटावर नाचणीचं एक वाफं काढलं तर गार्ड कोयता-कुऱ्हाड जप्त करतो. त्याच जंगलात बार उडतात ते गार्डच्या कानाला ऐकू येत नाहीत.

म्हणून ह्या हंगामात काय करायचं ते बैठकीत ठरलं आहे:

१. लोखंडी पहारीनं बार ठासायचा नाही. केप दातानं दाबायची नाही. लाकडी ठासणी आणि चिमटा मालकानं द्यायचा.

२. ज्याच्याकडं दाखला नाही त्यानं दारूला हात लावायचा नाही. “ब्लास्टर कुठाय?” हे चारचौघांत विचारायचं. एकट्यानं विचारलं तर कामावरून काढतील, सगळ्यांनी विचारलं तर ब्लास्टर आणावा लागेल.

३. जुन्या बाराच्या उरलेल्या बुडात परत भोक पाडायचं नाही. आत न उडालेली दारू असू शकते. वातीचा बार उडाला नाही तर किमान अर्धा तास जवळ जायचं नाही, आणि ठासलेली माती उकरून काढायची नाही. तिथून पुढचं काम ब्लास्टरचं.

४. रोजची हजेरी आपल्याही वहीत लिहायची. तारीख, खाण, मुकादमाचं नाव, कोण कोण होतं. प्रत्येक पाड्यावर एका शिकलेल्या पोरीनं ही वही सांभाळायची. अपघात झालाच तर “हा आमचा माणूस नाही” ह्याला ही वही उत्तर देईल.

५. अपघात झाला की त्याच दिवशी पोलिसात आणि संघटनेकडं कळवायचं. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही.

६. खाण आहे त्या प्रत्येक पाड्यानं हुताशनीच्या आधी आपली ग्रामसभा घ्यायची. पट्टा कुणाच्या नावावर, जमीन कुणाची, मुदत कधी संपते, ही माहिती तहसीलमधून लेखी मागायची आणि ठराव करायचा.

मालक म्हणेल, एवढे नियम पाळले तर खाण परवडत नाही. ज्या खाणीला एक लाकडी काठी आणि एक खरा ब्लास्टर परवडत नाही, ती खाण आजवर आपल्या बोटांवर आणि डोळ्यांवर चालली होती, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं असं समजा.

डोंगर आपला आहे, हातही आपले आहेत. दोन्हींचा हिशोब आता ग्रामसभेत होऊ द्या.