वाड्याला पाहुणा हवा

उस्मानाबाद जिल्ह्याला 2023 साली धाराशिव हे त्याचे जुने नाव परत मिळाले. नाव राजपत्राने परत येते, घरे येत नाहीत. परंडा, नळदुर्ग, तेर, तुळजापूर या गावांच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडताना हे पदोपदी जाणवते. घडीव काळ्या दगडाचे जोते, त्यावर पांढऱ्या मातीची भिंत, मोठ्या दरवाजाच्या पोटात माणूस वाकूनच आत जाईल एवढी दिंडी आणि त्या दिंडीला वर्षानुवर्षांचे कुलूप! आत पाहावे तर चौकात एरंड माजलेला आणि एका अंगाचे माळवद खाली बसलेले. शेजारी त्याच घराण्यातल्या कुणा भावाच्या वाट्याला आलेल्या अर्ध्या जागेवर तीन मजली लॉज उभा असतो. त्याला देवीचे नाव दिलेले असते आणि खोल्यांना खिडकी असतेच असे नाही.

हा विषय आज काढण्याचे कारण आहे. 6 मे 2025 रोजी अहिल्यादेवींच्या जन्मगावी, चौंडी येथे राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली. तीत श्रीतुळजाभवानी मंदिराच्या विकास आराखड्यासाठी 1,865 कोटी रुपयांना मंजुरी देण्यात आली. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचे कामही हाती घेतलेले आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत तुळजापुरात येणाऱ्यांची संख्या वाढणार, त्यांच्या मुक्कामाची सोय वाढवावी लागणार आणि त्यासाठी जागा हवी होणार. जागा हवी झाली की आपल्याकडे पहिला घाव जुन्या घरावर पडतो. तेव्हा तो घाव पडण्याआधीच विचारले पाहिजे की, यात्रेकरूंच्या सोयीसाठी जे घर पाडायचे, तेच घर पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंची सोय करीत आले होते, हे आपल्याला ठाऊक आहे काय?

जुनी घरे पाहुण्यांसाठी खुली करणे ही परदेशी कल्पना आहे, असा एक समज सुशिक्षित वर्गात आढळतो. इतरत्र काय असेल ते असो, तुळजापुरात तरी तो साफ खोटा आहे. भोपे, पाळीकर आणि उपाध्ये अशी इथल्या पुजाऱ्यांची परंपरागत मंडळे. देवीचा कुळधर्म करायला येणारे कुटुंब आपल्या ठरलेल्या पुजाऱ्याकडेच उतरायचे. पुजाऱ्याच्या घरी वही असे. कोणत्या गावचे, कोणत्या कुळातले, पूर्वी कोण आले होते हे तो त्या वहीतून काढून सांगे आणि आलेल्यांची नावे खाली लिहून घेई. सातारा-पुण्याकडचा किंवा विजापूर-कलबुर्गीकडचा माणूस प्रथमच त्या गावात पाय ठेवत असला तरी परक्या घरी उतरत नसे. त्याच्या आजोबाचे नाव त्याच्या आधीच तिथे पोहोचलेले असे. पुरणपोळीचा नैवेद्य त्या घरातल्या बायका करीत. आलेल्या कुटुंबातल्या सासुरवाशिणी त्यांच्या हाताखाली पुरण वाटायला बसत. लग्नानंतरचा गोंधळ पुष्कळदा त्याच घराच्या चौकात घातला जाई.

त्या घरांची बांधणीच मुळी या कामासाठी होती. दर्शनी ओसरी पाहुण्यांची. तिच्या आतला सोपा मुक्कामाचा. माजघर आणि देवघर घरच्यांचे. मधल्या चौकात उजेड, वारा आणि पाण्याची सोय. माळवदातल्या साण्यांतून दुपारचा कवडसा खाली यायचा आणि चुलीचा धूर वर जायचा. भिंतीत बळद असे, त्यात वर्षाची ज्वारी मावे. म्हणून यात्रेत अकस्मात पंचवीस माणसे वाढली तरी घरधनीण डगमगत नसे. एप्रिल-मेमध्ये बालाघाटावर ऊन आग ओकत असताना त्या जाड भिंतींच्या आड पंख्यावाचून झोप लागते. हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांना सिमेंटच्या खोलीतला वातानुकूलन यंत्राचा घरघराट सुखाचा वाटत नाही.

या जिल्ह्यात देवसुद्धा पाहुणा होतो. मैलारपूर-नळदुर्गचा खंडोबा वर्षातला मोठा काळ अणदूरला असतो आणि ठरलेल्या काळापुरता नळदुर्गला मुक्कामाला येतो. दोन्ही गावांचे मानकरी त्याबद्दलचे करार पाळतात. तुळजाभवानीचा पलंग आणि पालखी दरसाल नगरच्या बाजूने येतात. त्यांच्याबरोबर येणाऱ्या मानकऱ्यांचे उतरणे-पोसणे हा या गावाचा धर्म मानला गेला आहे. मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी 1853 ते 1857 या काळात नळदुर्गचा कारभार पाहत होता. त्याने पुढे 1863 साली ‘तारा’ नावाची कादंबरी प्रसिद्ध केली. तिची नायिका तुळजापूरच्या एका ब्राह्मण घरातली आहे. परक्या राज्यकर्त्याला इथल्या घराच्या ओसरीत कादंबरी दिसली, आपल्याला मात्र तिथे चटईक्षेत्रच दिसते.

निजामाच्या राजवटीत 1909 साली मंदिराच्या व्यवस्थेची ‘देऊळ कवायत’ लिहिली गेली. पूजेचे हक्क, मानपान, उत्पन्न यांचे नियम बांधले गेले. ज्या घरांतून हा सारा व्यवहार चालत होता, त्या घरांची नोंद मात्र कोणी केली नाही. स्वातंत्र्यानंतर चित्र फारसे बदलले नाही. मुंबईला 1995 पासून वारसा-वास्तूंची नियमावली आहे. किल्ले आणि लेणी यांना पुरातत्त्व खात्याचे छत्र आहे. तालुक्याच्या गावातला दोनशे वर्षांचा वाडा मात्र शासनाच्या लेखी नुसता घर क्रमांक असतो.

तरीही सारा दोष शासनाच्या माथी मारणे योग्य होणार नाही. या जिल्ह्यात जुन्या घराविषयी लोकांच्या मनात भीती आहे आणि तिला सबळ कारण आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले, माणसे थकून गाढ झोपलेली. चार वाजायला चार मिनिटे असताना भूकंप झाला आणि लातूर व धाराशिव जिल्ह्यांतली सुमारे आठ हजार माणसे दगावली. 52 गावे जमीनदोस्त झाली. ज्या घरांनी त्यांना पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्याच घरांच्या दगड-मातीखाली ती गाडली गेली. ज्याने लोहारा-उमरगा भागात त्या दिवसांत आपली माणसे उकरून काढली, त्याला दगडी भिंतीचे सौंदर्य सांगायला जाणे हा निर्दयपणा होईल. त्यानंतर लोकांनी माळवदे उतरवली आणि पत्रे टाकले, यात त्यांचे काय चुकले?

पण त्या विध्वंसातून अभियंत्यांनी जे शिकून घेतले, ते लोकांपर्यंत पोहोचलेच नाही. पडलेल्या भिंती बहुतांशी मातीत रचलेल्या अनघड दगडांच्या होत्या. आतला आणि बाहेरचा असे दोन थर, मध्ये दगडगोट्यांची भर आणि दोन्ही थरांना जखडणारा आरपार दगड नाही. धक्का बसताच ते थर एकमेकांपासून सुटले. दुसरे कारण माळवदावरच्या ओझ्याचे. गळती थांबावी म्हणून मृगाआधी वर खारी माती टाकायची. दरसालच्या त्या मातीचे थर साचत साचत फूट-दीड फुटांवर जात. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अनेक घरांत भिंती ढासळल्या, पण आतला लाकडी खणांचा सांगाडा, म्हणजे खांब, तुळया आणि वरचे किलचन, जागच्या जागी उभा राहिला. आपल्या सुतारांचे काम टिकले होते. बिघाड भिंतीच्या रचनेत आणि छतावर साचलेल्या भारात होता आणि दोन्हींवर उपाय आहेत. छतावरची फाजील माती उतरवणे, भिंतीत ठराविक अंतरावर आरपार दगड बसवणे, भिंतीच्या वरच्या अंगाला सर्व बाजूंनी पट्टा बांधणे, खांब-तुळईच्या सांध्याला तिरपा टेकू देणे. भूकंपानंतर पक्क्या करून घेतलेल्या घरांत या पद्धती वापरल्या गेल्या आहेत. ज्या वाड्यात पाहुणे ठेवायचे, त्या वाड्याला यातून सूट मिळता कामा नये. हे केले नसेल तर परवानगीच देऊ नये.

दुरुस्ती म्हटली की गवंडी सिमेंटचे पोते घेऊन येतो, हा दुसरा अपघात. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतला ओलावा आतच कोंडतो. दोन पावसाळ्यांत भिंत फुगते आणि पोपडे सुटतात. मग घरमालक म्हणतो, वाडा काही टिकायचा नाही, पाडून टाकू! चुना भिजवून मुरवायचा, बैलाच्या घाणीत मळायचा, त्यात गूळ, हिरडा, बेलफळ यांचे पाणी घालायचे, हे ज्ञान अजून मेलेले नाही. किल्ल्यांच्या दुरुस्तीत ते वापरले जाते. नळदुर्गचा किल्ला राज्याच्या स्मारक संगोपन योजनेखाली गेल्या दशकात एका खासगी कंपनीकडे देखभालीसाठी देण्यात आला. तटाच्या आत स्वच्छता आणि वर्दळ आली, हे आधीचा उकिरडा पाहिलेल्या कोणालाही मान्य करावे लागेल. 1613 सालचा पाणीमहाल पाहायला लोक आता मुद्दाम वाट वाकडी करतात. पण दिवस मावळला की ते सोलापूरला परततात. नळदुर्ग गावातल्या एखाद्या घराला त्यांच्या येण्याचा काय लाभ?

बाहेरचे दाखले पुष्कळ आहेत. दिल्ली-जयपूर रस्त्यावरचा नीमराणाचा पडका किल्ला 1986 साली विकत घेतला गेला, दुरुस्त होऊन 1991 मध्ये पाहुण्यांसाठी उघडला आणि त्या गावाचे नाव जगभर गेले. सासवडजवळ पिलाजी जाधवरावांची 1710 ची गढी 2007 पासून हॉटेल म्हणून चालते. पणजीच्या फोंताइन्यस वस्तीत जुन्या घरांत पाहुणे राहतात म्हणूनच ती वस्ती रंगरंगोटीसह जिवंत आहे. हे सगळे स्वागतार्ह आहे. मात्र तुळजापूरने त्याचा कित्ता गिरवू नये असे मला वाटते. फेटा बांधलेला नोकर दारात तुतारी फुंकतो आणि पिठले-भाकरीचे ताट एका मजुराच्या दिवसभराच्या रोजापेक्षा महाग पडते, अशी जागा वास्तू वाचवते खरी, पण तिचे नाटकगृह करून. आपल्याला घर हवे आहे. घरची माणसे त्यात राहत असावीत, ओसरी-सोप्यावरच्या चार-पाच खोल्या पाहुण्यांना द्याव्यात, स्नानगृहे परसात नवी आणि चांगली बांधावीत, दर मध्यमवर्गीय कुटुंबाला झेपावा. यासाठी नवा कायदाही नको. पर्यटन विभागाची ‘निवास व न्याहारी’ योजना कितीतरी वर्षांपासून आहे. तिचा लाभ कोकणात आणि थंड हवेच्या ठिकाणी लोकांनी घेतला. मराठवाड्यातल्या देवस्थानच्या गावांपर्यंत तो पोहोचवायचा आहे.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कागदाची आहे. वाड्याच्या उताऱ्यावर अठरा नावे असतात. त्यातली निम्मी पुण्या-मुंबईत, दोघे परदेशी आणि एक न्यायालयात. दुरुस्तीला कोणी पैसे देत नाही. पाडायचे म्हटले की मात्र सगळे सही करायला येतात. भाऊबंदकीवर औषध सांगण्याची माझी प्राज्ञा नाही. तरी सामायिक मालकांनी एकत्र येऊन दीर्घ मुदतीचा भाडेकरार केला, राहत्या वारसाने वाडा चालवला आणि बाकीच्यांना उत्पन्नाचा वाटा मिळाला, तर वाटणीआधी पाडण्याची घाई कमी होईल. अशा वाड्यांना मालमत्ता करात काही वर्षे सवलत आणि दुरुस्तीसाठी कमी व्याजाचे कर्ज देता येईल. 1,865 कोटींच्या आराखड्यात याचा खर्च डोळ्यांत भरणारासुद्धा नाही.

त्याआधी मोजणी हवी. मंदिराभोवतीच्या पेठांतला प्रत्येक जुना वाडा, त्याचे वय, खणांची संख्या, लाकडाची स्थिती, राहते किती, मालक किती, हे घरोघर जाऊन लिहिले पाहिजे. स्थापत्यशास्त्राचे विद्यार्थी, पुजारी मंडळांतली तरुण मुले आणि नगरपरिषदेचा एक जबाबदार माणूस एवढ्यांनी हे होईल. रस्ता रुंदीकरणाच्या लाल खुणा भिंतींवर उमटल्यानंतर अशा याद्यांना अर्थ उरत नाही. आश्विन पौर्णिमेला सोलापूरची पायी यात्रा येऊन गेली की पौषातल्या शाकंभरी नवरात्रापर्यंत गावाला अडीच-तीन महिन्यांची उसंत मिळते. पाऊस संपलेला असतो, भिंतींवरची ओल स्पष्ट दिसते. ही मोजणी त्याच महिन्यांत करून घ्यावी.