उमाबाई दाभाडे आणि ‘एकमेव महिला सरसेनापती’ हे बिरुद

१/ गीझा येथे खेंतकावस पहिली या राणीची भव्य कबर आहे. काही अभ्यासकांनी तिला ‘चौथा पिरॅमिड’च म्हटले. तिच्या दारावरील पदवी दोन प्रकारे वाचता येते : ‘उत्तर व दक्षिण इजिप्तच्या दोन राजांची माता’, अथवा ‘राजा आणि राजमाता’. या एका ओळीवर विद्वान अनेक दशके झगडत आहेत.

२/ असाच पदवीचा मोह आपल्या उंबरठ्यावर, तळेगाव दाभाडे येथे दिसतो. बनेश्वर मंदिराच्या परिसरात उमाबाईंची समाधी आहे. समाजमाध्यमांवर त्यांचे नाव निघाले, की ‘मराठ्यांच्या एकमेव महिला सरसेनापती’ एवढे लिहून आपण मोकळे होतो.

३/ खंडेराव दाभाडे १७२९ साली वारले. पुत्र त्र्यंबकराव १ एप्रिल १७३१ रोजी डभईस बाजीरावांविरुद्ध लढताना पडले. शाहू महाराजांनी सेनापतिपद धाकट्या यशवंतरावांना दिले. कारभार मात्र उमाबाईंनी चालवला. एवढे म्हटले तरी काहींना तो त्यांचा अवमान वाटतो! नानासाहेब पेशवे छत्रपती नव्हते. म्हणून त्यांची सत्ता कोणी नाकारतो काय? मग स्त्रीच्याच सत्तेला पदवीचा दाखला का लागावा?

४/ त्यांची सत्ता पाहायची तर आळंदीला चला. होय, चाकणला जाता-येता आपण जिच्याजवळून जातो तीच आळंदी. २२ नोव्हेंबर १७५० रोजी उमाबाई तेथे नानासाहेबांना स्वतः भेटल्या. पेशव्यांना गुजरातच्या उत्पन्नाचा निम्मा वाटा हवा होता. तसा करार दडपणाखाली झाला, तो अन्याय्य आहे, अशी उमाबाईंची बाजू होती. पेशव्यांना पैशाची निकड होती; त्यांनी ती मानली नाही. उमाबाईंनी ताराबाईंचा पक्ष धरला आणि दमाजी गायकवाड फौजेसह चालून आले.

५/ डाव फसला. १७५१ साली दमाजी पकडले गेले, दाभाडे कैद झाले, जहागिरी गेल्या. निम्मा गुजरात मान्य करून दमाजी १७५२ मध्ये सुटले. दाभाड्यांच्या या सरदारांचे घराणे पुढे बडोद्याच्या गादीवर नांदले. उमाबाई २८ नोव्हेंबर १७५३ रोजी पुण्यात वारल्या.

६/ या महसुलाच्या झगड्यावर आपल्या पोस्टींत अवाक्षर नसते. घोड्यावरची तलवारधारी उमाबाई काढणे सोपे. करार नाकारणारी उमाबाई समजून घ्यायला कागद वाचावे लागतात.

७/ सप्तशृंगगडाच्या पायऱ्याही त्यांनीच बांधवल्या. त्यांविषयी पुढील धाग्यात.