खूण करणारे आणि न करणारे

नाटकात किंवा चित्रपटात एखादं पात्र ख्रिस्ती आहे हे दाखवायचं असलं, की त्याचा उजवा हात कपाळावर जातो, मग छातीवर, मग दोन्ही खांद्यांवर. प्रेक्षकाला लगेच कळतं. सातारा-सांगलीच्या अनेक ख्रिस्ती घरांत मात्र हा हात असा उठतच नाही. तिथे प्रार्थना डोळे मिटून, हात जोडून होते. ती कमी ख्रिस्ती नसते. तिच्यामागे काही शतकांचा वाद उभा आहे आणि तो ठाऊक असल्याखेरीज ना खूण करणारा समजतो, ना न करणारा.

ही खूण अतिशय जुनी आहे. आजच्या ट्युनिशियात असलेल्या कार्थेज नगरीत टर्टुलियन नावाचा लेखक होऊन गेला. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला त्याने नोंदवून ठेवलं आहे, की घरात येताना-जाताना, पायांत जोडे घालताना, स्नानाच्या, जेवणाच्या वेळी, दिवे लावताना ख्रिस्ती माणसं कपाळावर ही खूण करतात. तेव्हा ती अंगभर नव्हती. कपाळावर एका बोटाने काढलेला लहानसा क्रूस, एवढंच तिचं रूप. जागा कपाळाचीच का, याचा धागा बायबलच्या जुन्या करारात सापडतो. यहेज्केलाच्या ग्रंथात 9व्या अध्यायात यरुशलेममधल्या अनाचाराने व्यथित झालेल्या माणसांच्या कपाळावर चिन्ह करण्याची आज्ञा येते, आणि त्या चिन्हाचं नाव असलेलं ‘ताव’ हे अक्षर प्राचीन हिब्रू लिपीत क्रुसासारखंच लिहीत. त्यात क्रूस म्हणजे रोमन राजवटीत गुलामांना आणि बंडखोरांना हालहाल करून मारण्याचं साधन. ज्या वस्तूचा उच्चारही लाजिरवाणा, तीच रोज आपल्या कपाळावर रेखायची, यातलं धाडस आज सहज ध्यानात येत नाही.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने कपाळापासून खांद्यांपर्यंत जाणारी मोठी खूण नंतरची. वाईच्या घाटावर संध्या करताना मंत्र म्हणत अंगाला स्पर्श करून न्यास करणाऱ्यांना ओठांवरचं नाव आणि शरीरावरचं बोट यांचं हे नातं परकं वाटू नये.

पुढे बोटांवरूनही वाद पेटले. ख्रिस्त देव आणि मनुष्य दोन्ही, म्हणून दोन बोटं. देव त्र्येक, म्हणून तीन. तेराव्या शतकाच्या उंबरठ्यावर पोप इनोसंट तिसरे यांनी वर्णिलेली खूण उजव्या खांद्यावरून डाव्याकडे जाते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चने तीच दिशा ठेवली, रोमन कॅथलिक मात्र आज डावीकडून उजवीकडे जातात. रशियात चर्चचे प्रमुख असलेले पॅट्रिआर्क निकॉन यांनी 1653 साली दोन बोटांऐवजी तीन बोटांची आज्ञा काढली आणि चर्च दुभंगलं. जुन्या रीतीला चिकटून राहिलेल्या अव्वाकुम या धर्मगुरूला 1682 मध्ये जिवंत जाळण्यात आलं. ‘बोटांचा तो काय प्रश्न’ असं म्हणणं सोपं आहे. पण त्या माणसांना त्यात आपला सगळा विश्वास दिसत होता.

साताऱ्याकडे येणारी वाट इंग्लंडमधून निघते. जर्मनीत चर्चसुधारणेची चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने 1529 च्या आपल्या लघु प्रश्नोत्तरीत सकाळ-संध्याकाळ क्रुसाची खूण करायला सांगितलं होतं. सुधारणावादी सगळेच तिच्या विरोधात नव्हते. इंग्लंडच्या प्युरिटन पंथीयांनी मात्र 1603 मध्ये राजा पहिला जेम्स याच्याकडे अर्ज केला, त्यात बाप्तिस्म्याच्या वेळची ही खूण बंद करण्याची मागणी होती. बायबलमध्ये जिची आज्ञा नाही, ती गोष्ट उपासनेत नको, हे त्यांचं म्हणणं. राजाने ते मानलं नाही. त्यांच्यातले पुष्कळजण पुढे अमेरिकेत गेले. त्यांच्या परंपरेतल्या काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या पुढाकाराने 1810 साली मॅसॅच्युसेट्समध्ये अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था स्थापन झाली, आणि 1813 मध्ये तिचे मिशनरी मुंबईत उतरले. अमेरिकन मराठी मिशनचं काम पुढे अहमदनगर, सातारा, वाई असं पसरलं. सांगली-मिरजेकडे आले ते प्रेस्बिटेरियन. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं आणि वानलेसवाडीच्या रूपाने त्यांचं नाव आजही रोज उच्चारलं जातं. प्रेस्बिटेरियनांच्या उपासनेतही ही खूण नव्हती.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं उदाहरण इथे मोलाचं आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. टिळकांची भक्ती प्रकट झाली ती भजनांतून; ती आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. ख्रिस्तावर इतकं उत्कट प्रेम करणाऱ्या माणसाची ओळख एका हस्तमुद्रेने ठरवणं हा त्याच्यावर अन्यायच होय.

खूण करणारेही याच सातारा जिल्ह्यात, पाचगणीत भेटतात. तिथे सेंट जोसेफ कॉन्व्हेंट शाळा 1895 मध्ये ज्या कॅथलिक भगिनींनी सुरू केली, त्यांच्या संघाचं नावच ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’, क्रुसाच्या कन्या. कॅथलिक बाप्तिस्म्यात धर्मगुरू, आईवडील आणि धर्ममातापिता बाळाच्या कपाळावर क्रूस रेखतात. आयुष्यातली ती पहिली खूण दुसऱ्याच्या बोटाने होते. शुभवर्तमान ऐकण्यापूर्वी कपाळ, ओठ आणि छातीवर तीन लहान क्रूस काढतात: ते मनाने समजावं, मुखाने सांगावं, हृदयात ठेवावं. इतका अर्थ ज्या कृतीत भरलेला आहे, ती रंगमंचावर केवळ ओळखीची खूण म्हणून, बहुधा विनोदी पात्राला चिकटवणं थांबायला हवं. शाळांच्या स्नेहसंमेलनांतही.

बाप्तिस्म्यात ही खूण करणारे, इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले अँग्लिकन आणि तिला नकार देणाऱ्यांचे वारस असलेले काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात इतर पंथांसह चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आले. इंग्लंडमध्ये राजदरबारापर्यंत गेलेलं ते भांडण भारतात एका चर्चच्या छताखाली सामावलं. बाप्तिस्मा कोणत्या वयात द्यावा हा मतभेदही तसाच सामावला: या चर्चने बालकांचा बाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासूंचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य केले.