ठाकुरवाडीची हौस

मुंबईहून पुण्याकडे निघालेल्या बहुतेक गाड्यांना घाट चढण्यासाठी कर्जत स्थानकात मागून जादा इंजिने जोडली जातात. तेवढ्या वेळात फलाटावर बटाटेवडे खपतात. पुढे बोरघाटातील ठाकुरवाडी हे लहानसे स्थानक मागे पडते आणि खंडाळा ओलांडून गाडी लोणावळ्याला पोचते; तेथे चिक्कीचे पुडे घेतले जातात. हा वडा, ही चिक्की आणि पुष्कळदा हा प्रवासदेखील गरजेत मोडत नाही. तरीही तो करणाऱ्या कारकुनाला वा शिक्षकाला कोणी उधळ्या म्हणत नाही. त्याला आपण हौस म्हणतो आणि हौसेला मोल नसते असे कौतुकाने सांगतो.

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी हे एकाच जागेचे नाव नाही. डोंगराच्या कुशीत, मूळ गावापासून वेगळ्या वसलेल्या ठाकरांच्या कितीतरी वस्त्या याच नावाने ओळखल्या जातात. अशा एखाद्या वाडीतील तरुणाच्या हाती भारी मोबाइल दिसला किंवा लग्नाच्या मांडवाशेजारी ध्वनिवर्धकांची भिंत उभी राहिली, की सुशिक्षितांची भाषा पालटते. चंगळवाद आदिवासींपर्यंत पोचल्याची हळहळ व्यक्त होते आणि अंथरूण पाहून पाय पसरावेत असा उपदेश केला जातो. अंथरूण आखूड का राहिले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

वस्तुतः नटण्याची आणि सण साजरा करण्याची ओढ या समाजाला शहराने शिकविलेली नाही. गळाभर मण्यांच्या माळा, अंगावरचे गोंदण, ढोलाच्या तालावर रात्र जागवणारा नाच, हे सारे पोट भरल्यानंतर सुचलेले चोचले नव्हते. मणी काही रानात पिकत नव्हते; तेही बाजारातूनच येत. देशभरातील चित्रही याहून वेगळे नाही. २०११-१२ साली ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे ५३ टक्के होता. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत तो सुमारे ४६ टक्क्यांवर आला. म्हणजे खेड्यातील माणूसही आता निम्म्याहून अधिक पैसा अन्नाखेरीज इतर गोष्टींसाठी खर्च करतो. त्यात औषधपाणी आणि शिक्षण आहे, तसेच कपडालत्ता, प्रवास आणि करमणूकही आहे.

तेव्हा हौस असावी की नसावी हा वाद निरर्थक आहे. ती कोणत्या पैशाने भागते, हा खरा प्रश्न आहे. नोकरदार माणूस महिन्याच्या पगारातून चार पैसे बाजूला टाकतो किंवा हप्त्याने वस्तू घेतो. रायगड जिल्ह्यातील आदिवासींपैकी अनेकांना, विशेषतः कातकरी कुटुंबांना, एकरकमी पैसा दिसतो तो वीटभट्टीच्या उचलीत. पावसाळा सरला की उचल घेऊन कुटुंब भट्टीवर जाते. हंगामभर आठवड्याची खर्ची मिळते आणि शेवटी हिशेब होतो. तो मालकाच्या वहीत असतो. त्यात बाकी निघाली, तर ती पुढच्या वर्षी फेडायची असते. ऋण काढून सण करू नये हे खरे. पण ज्याच्या हाती ऋणाखेरीज रोख पैसाच येत नाही, त्याने सण करायचा तरी कशातून?

याची किंमत जुन्या पिढ्यांनी मोजली आहे. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी जमीनदाराकडे राबणाऱ्या आदिवासीला ‘लग्नगडी’ म्हणत. त्या गुलामगिरीवर १९४५ च्या वारल्यांच्या उठावाने घाव घातला. पुढे १९७६ साली वेठबिगारीचे निर्मूलन करणारा कायदा झाला. किमान वेतनाहून कमी मजुरीवर करून घेतलेले काम हीही सक्तीची मजुरीच होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली दिला. कायद्याची वाण नाही. वाण आहे ती भट्टीवरची वही तपासणाऱ्याची.

शासनालाही आनंदाचे महत्त्व कळत नाही असे नाही. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि तेल देताना त्याला ‘आनंदाचा शिधा’ असे नाव देण्यात आले. २०२० साली मंजूर झालेल्या चार हजारांच्या खावटी अनुदानातील निम्मा भाग वस्तुरूपाने ठरविला होता. २०२३ साली अंत्योदय कुटुंबांना वर्षाला एक साडी देण्याचा निर्णय झाला. परंतु रंग, पोत आणि काठ मंत्रालयाने ठरवायचा आणि नेसणारीने तो मुकाट्याने स्वीकारायचा, अशी ही हौस आहे. २०२४ साली पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात आदिवासी स्त्रियांनी अशा साड्या तहसील कार्यालयात परत केल्या आणि त्याऐवजी काम मागितले. त्यांना साडी नको होती असा याचा अर्थ लावणे चुकीचे ठरेल. दुकानात जाऊन, दहा साड्या उलगडून, त्यांतली एक निवडण्याइतकी मजुरी त्यांना हवी होती.

रोख पैसा दिला की तो दारूत जातो, हा आक्षेप खोटा नाही. पण तो केवळ वाडीलाच लागू पडत नाही आणि शहरातील दारूच्या दुकानांकडे बोट दाखवून कोणी नोकरदारांचा पगार वस्तुरूपाने देण्याची सूचना करीत नाही. गावाजवळ वेळेवर मिळणारे काम, वेळेवर हाती पडणारी मजुरी आणि उचलीचा मजुराच्या हाती राहणारा लेखी हिशेब, एवढे झाले तरी कर्जतच्या बाजारात उतरणारी ठाकरीण उपकाराची नव्हे, तर आवडीची साडी घेऊन परत जाईल. त्या साडीला चंगळ म्हणण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या घरचे कपाट एकदा उघडून पाहावे.