बाळसेदार अक्षरं

गुबगुबीत अक्षरांचा लळा जुना आहे. शिकागोच्या ऑस्वाल्ड कूपरने 1922 मध्ये ‘कूपर ब्लॅक’ हा लोण्यासारखा मऊ टाइप घडवला. पुढे 1970 च्या दशकात न्यूयॉर्कच्या पोरांनी भुयारी रेल्वेच्या डब्यांवर स्प्रेने फुग्यांसारखी अक्षरं फुगवली. रोमन लिपीत हे जमून जातं; देवनागरीत मात्र डोक्यावर शिरोरेषा आणि खाली ‘ष्ट’, ‘द्ध’ यांची दाटीवाटी. रेघ जाड केली की ‘ष’च्या पोटातली मोकळी जागा बुजते आणि अक्षराचा नुसता डाग उरतो. हे कोडं मुंबईच्या ‘एक टाइप’ गटाने ‘बालू’ या फॉन्टमध्ये झकास सोडवलं. नावातच मोगलीचं अस्वल. टोकं गोलसर, अंग भरलेलं, तरी वाचायला अडत नाही. नऊ भारतीय लिप्यांत नऊ भावंडं निघाली आणि बारसंही ज्याच्या-त्याच्या भाषेत झालं: गुरुमुखीत ‘बालू पाजी’, तमिळमध्ये ‘बालू तंबी’, मल्याळममध्ये ‘बालू चेट्टन’, बंगालीत ‘बालू दा’. देवनागरीतला तेवढा नुसता ‘बालू’! (‘बालू भाऊ’ काय वाईट होतं?) पुढच्या ‘बालू २’मध्ये साध्यापासून अतिजाडपर्यंत पाच वजनं आली. फॉन्ट फुकट आहे, परवानाही मुक्त. बालनाट्याचं पोस्टर, गोष्टीच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, कुल्फीच्या गाडीची पाटी, इथे तो शोभतो. पानभर मजकुराला त्याचं अंग जड होतं. आणि कृपा करून ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या फ्लेक्सवर तो लावू नका.